दुसऱ्यांदा न सांगितलेलं पाप

आमच्या बोदुलगोलमध्ये पाळक ब्योन यांचं नाव निघालं की लोक म्हणतात, त्या माणसाला दोनदा हाकललं. हे बरोबर नाही. मंडळीने त्यांना हाकललं हे खरं; पण कष्टकरी संघाने त्यांना मुळात आत घेतलंच नव्हतं. आत न घेतलेल्याला हाकलणार कसं? मी त्यांच्या शेजारी राहत होते, दोन्ही घरांचा धूर एकमेकांच्या अंगणात जायचा, म्हणून एवढी दुरुस्ती करते. बाकी देव जाणे.

ब्योन इन-सू मूळचे नदीपलीकडचे, कोरियातल्या हामहुंगचे. स्वातंत्र्याच्या घोषणा दिल्या म्हणून जपान्यांनी त्यांना तुरुंगात घातलं होतं. सुटले तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती. मग बायको आणि पोरं घेऊन थुमान नदी ओलांडून ते इकडे चीनच्या हद्दीत, आमच्या कोरियन वस्तीत आले. जपान्यांनी आमचं चर्च जाळलं त्यानंतरचा तो वसंत. मंडळी उघड्यावर बसायची. असल्या जागी यायला दुसरा पाळक तयार नव्हता, म्हणून आम्हाला एवढा शिकलेला माणूस मिळाला. आवाज असा की त्यांनी इकडे स्तोत्र सुरू केलं की वरच्या आळीतले चिनी शेतकरी तिकडे काम थांबवायचे. रडूही त्यांना लगेच यायचं. उपदेशात रडणारा पाळक म्हणजे चांगला पाळक, अशी आमच्याकडे समजूत आहे, त्यामुळे ते सगळ्यांना आवडले.

नवं चर्च बांधलं त्याचं छप्पर पंच प्यो यांनी दिलं. प्यो म्हणजे आमच्या मंडळीचे मुख्य पंच. चिनी मालकाकडून दरीतली बरीचशी जमीन त्यांनी खंडाने घेतलेली, आणि तीच तुकडे करून आम्हाला कसायला दिलेली. वसंतात बियाणं संपलं की त्यांच्याच कोठारातून आणायचं, आणि हंगामात एका पोत्याचं दीड पोतं परत द्यायचं. हे सगळं ते प्रार्थना करून करायचे. दीड पोतं मोजून घेताना त्यांचे डोळे मिटलेले असत, आणि माप मात्र चुकत नसे.

पाळकाचं पोट आमच्याकडे मुठीवर चालतं. बाई रोज स्वयंपाकाला धान्य काढते तेव्हा घरातल्या माणसामागे एक मूठ काढून चुलीजवळच्या पिशवीत टाकते आणि त्या माणसासाठी प्रार्थना करते. रविवारी सगळ्या पिशव्या चर्चमधल्या रांजणात रिकाम्या होतात. कोणाचे राळे, कोणाची ज्वारी, कोणाचा मका, बाळंतपण झालेल्या घरचे चार दाणे तांदूळ. ते एकत्र शिजवलं की राळ्यांचा गाळ होतो आणि मका कच्चाच राहतो. पाळकाच्या घरी सगळं आयुष्य हेच जेवण. पाळकीणबाई, त्यांचं नाव दान-सिल, मला एकदा म्हणाल्या होत्या, "आमच्या पातेल्यात सगळं गाव भांडत असतं."

तर एके वर्षी जपान्यांशी लढणाऱ्या लोकांसाठी बंदुका घ्यायच्या म्हणून मंडळीने वर्गणी जमवली आणि ती पोचवायला पाळकबुवांना रशियाच्या हद्दीत, व्लादिवोस्तोकला पाठवलं. पंच प्योंनीच नाव सुचवलं होतं. पाळकावर कोणी संशय घेत नाही, असं ते म्हणाले. पाळकबुवा बंदुकांसाठी गेले आणि परत आले ते टोपी घालून. चामड्याचा पट्टा असलेली कामगारांची टोपी. ती उपासनेत काढावी की घालावी यावरच पहिला रविवार गेला.

तिकडे त्यांनी काय पाहिलं कोणास ठाऊक. आपले कोरियन लोक जमीनदाराच्या शेतात उभे राहून शेत वाटून घेतायत असं पाहिलं, म्हणायचे, आणि पुन्हा रडायचे. त्यांच्या मते त्यात नवीन काही नव्हतंच. प्रभूच्या पहिल्या शिष्यांचं सगळं सामाईक होतं, आपण मधल्या काळात विसरलो, आणि रशियातल्या लोकांनी देवाला न विचारता ते पुन्हा सुरू केलं, एवढंच. "देव रागावणार नाही," ते आमच्या यांना म्हणाले, "फार तर त्याला थोडी लाज वाटेल, की आपल्याकडून राहून गेलं."

त्यांच्या मागोमाग क्वाक दोंग-गू नावाचा तरुण आला. त्याला सगळे कॉम्रेड क्वाक म्हणत. हाडकुळा, चष्मेवाला, रात्रशाळेच्या अडगळीत राहायचा. त्याने कष्टकरी संघ काढला. क्वाकचा देवावर विश्वास नव्हता, पण तो असा शिस्तीचा, की पाळकबुवांचा एकही उपदेश त्याने चुकवला नाही. शेवटच्या रांगेत बसून चुका टिपायचा.

पाळकबुवांनी पहिली सुधारणा केली ती पडद्याची. चर्चमध्ये पुरुषांच्या आणि बायकांच्या मध्ये पडदा असतो, तो त्यांनी समानतेसाठी काढला. पुढच्या रविवारी बायकांनी पोरांना पाजायचं कुठे? मी आणि आमच्या आळीतल्या क्वोननानीने तो मुकाट्याने पुन्हा बांधला. पाळकबुवांनी पाहिलं आणि टोपी मागे सारली.

दुसरी सुधारणा मात्र अंगाशी आली. संघाच्या सभेत क्वाकने सांगितलं, जो हाताने राबत नाही त्याने दुसऱ्याचं खाऊ नये. पाळकबुवा आनंदाने उठून म्हणाले, हे तर आमच्या प्रेषित पौलाने कधीच सांगून ठेवलंय. आणि उभ्या उभ्या स्वतःच्या हातांकडे बघायला लागले. सभेत हाताने न राबणारे दोघेच होते, आणि त्यातला एक ते स्वतः. रविवारी त्यांनी जाहीर केलं की यापुढे ते मुठीचं धान्य घेणार नाहीत, शेती करतील.

झालं. पण मूठ पाळकासाठी थोडीच काढतो आपण? मूठ देवाची. पाळक खात नाही म्हणून बाई मूठ काढायची थांबली तर घरातल्या माणसावरची प्रार्थनाही थांबली, आणि ते कोणाला परवडणार? आम्ही काढतच राहिलो. रांजण भरला, वाहायला लागला, उंदीर झाले. शेवटी पाळकबुवांनी ते धान्य संघाला देऊन टाकलं, आणि संघाचं म्हणून कॉम्रेड क्वाक ते खाऊ लागला.

पहिल्याच दिवशी तो ताट घेऊन पाळकांच्या दारात आला. "हे काय आहे, कॉम्रेड ब्योन? अर्धं कच्चं, अर्धं चिखल."

"ती जनता आहे, कॉम्रेड," पाळकबुवा म्हणाले. "सावकाश चावा."

आता ज्याला मूठ जाते त्याने घरोघरी येऊन बसायचं असतं, आजाऱ्याच्या उशाशी जायचं असतं. बायका क्वाकला बोलवायला लागल्या. त्याने खूप समजावलं, की मी देवाचा माणूस नाही. क्वोननानी म्हणाली, "तुला कोण देवाचा म्हणतंय बाबा. आमचं धान्य खातोस ना? मग चल, सासूबाईंच्या पाठीत लचक भरलीय." तो जायचा. सासूबाईंना संघाचा कार्यक्रम हळू आवाजात सांगायचा. त्यांना बरं वाटायचं.

इकडे पाळकबुवांना संघाच्या वाटणीतला खडकाळ उतार मिळाला. ते भल्या पहाटे प्रार्थनेला घंटा वाजवायचे आणि तिथून थेट शेतात. राळ्यांचं रोप आणि त्यासारखं दिसणारं गवत यातला फरक त्यांना कधी कळला नाही. पहिली खुरपणी केली तेव्हा त्यांनी राळे उपटले आणि गवत ठेवलं, तेही सरळ ओळीत. पाळकीणबाई बांधावर उभ्या राहून बघत होत्या. मी म्हटलं, अहो सांगा ना त्यांना. त्या म्हणाल्या, "स्तोत्र म्हणतायत. संपू दे."

त्या हंगामात घरात आलं ते पाळकीणबाईंनी दुसऱ्यांदा पेरलेलं, आणि ते थंडी संपेपर्यंत पुरलं नाही. त्या लोकांचे कपडे शिवायच्या, शिजवलेल्या सोयाबीनचे आंबवायचे गोळे वळून द्यायच्या. पण वसंतातली ती महिना-दोन महिन्यांची भूक, जुनं संपलेलं आणि जव अजून हिरवे, ती आमच्याकडे सगळ्यांनाच गाठते, आणि उतारावरच्या शेतकऱ्याला आधी. आम्ही शेजारणी काहीबाही नेऊन द्यायचो. चुकून जास्त झालं म्हणायचो. पाळकबुवा विचारायचे, कुठून आलं? पाळकीणबाई सांगायच्या, संघाकडून. मग ते भर रस्त्यात क्वाकचे हात हातात घेऊन त्याचे आभार मानायचे. क्वाक लाल व्हायचा, माझ्याकडे बघायचा, आणि आभार घ्यायचा. त्याच्याजवळ दुसरा इलाज नव्हता. संघाची अब्रू होती.

एवढं होऊनही कोणी पाळकबुवांना काही बोललं नसतं. पण त्याच वसंतात त्यांनी उपदेशात बियाण्याचा विषय काढला. भावाला बी द्यायचं आणि त्याच्याकडून दीडपट घ्यायचं, हे चोरीपेक्षा वाईट. कारण चोर निदान माफी मागण्यासाठी तरी देवाजवळ येतो. पंच प्यो पहिल्या रांगेत होते. त्यांनी डोळे मिटले, "आमेन" म्हणाले, आणि सोमवारी घोड्यावर बसून योंगजोंगला गेले. तिथे आमची वरची धर्मसभा आहे.

सभेने दोन पाळक चौकशीला पाठवले, एक म्हातारे, एक तरुण. ती वाईट माणसं नव्हती. त्यांची भीती खरी होती. पाळक लाल झालाय असं जपानी वकिलातीच्या कानावर गेलं तर पुन्हा चर्चला काडी लावायला त्या लोकांना निमित्तच मिळालं असतं. शनिवारी दुपारी ते ब्योनांच्या घरी आले. पाळकीणबाईंनी त्यांना रीतीप्रमाणे, चुलीची धग जमिनीखालून जिथे आधी पोचते त्या उबेच्या टोकाला बसवलं. सरपण नव्हतं, त्यामुळे उबेचं टोकही थंडच होतं. मी गरम पाणी घेऊन गेले, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

म्हातारे पाळक म्हणाले, "ब्योनबंधू, आम्हाला लांबलचक काही नको. उद्या व्यासपीठावरून सगळ्यांसमोर सांगा, की संघात जाणं हे पाप झालं आणि मी ते सोडलं. एवढं झालं की मंडळी तुमची, घर तुमचं. मूठही पुन्हा घ्या. नाहीतर जव निघायच्या आत घर रिकामं करून द्यावं लागेल."

पाळकबुवांनी त्यांना प्रार्थना करायला सांगितलं.

ते गेल्यावर पाळकीणबाईंनी धाकटीला उचलून नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं. "पाय बघा तिचे."

पायांना सूज होती. अंगठ्याने दाबलं की खड्डा पडून तसाच राहायचा.

"अहो, तुमचं ते राज्य येईल तेव्हा येईल," त्या म्हणाल्या. "प्रभू आणेल नाहीतर रशियावाले आणतील. कोणीही आणा, मी झाडून ठेवीन. पण ही तोवर थांबायची नाही."

पाळकबुवांनी बराच वेळ पोरीचे पाय चोळले. मग म्हणाले, "सांगतो उद्या."

त्यांच्यात लपवाछपवी नव्हती. तसेच उठून ते क्वाककडे गेले. मीही रिकामं भांडं घेऊन विहिरीवर निघाले होते, रात्रशाळेवरूनच वाट आहे. क्वाक चुलीत फुंकत होता.

"सांगा की," तो म्हणाला. "हा डावपेच झाला. वरवर सांगायचं, आतून राहायचं."

"मी व्यासपीठावरून खोटं बोलत नाही, कॉम्रेड."

"मग खरंच सोडा."

"तेच करणार आहे. खरंच सोडणार आहे. पोरीचे पाय सुजलेत."

क्वाकने चष्मा पुसला. "म्हणजे तुम्ही कधी आमचे नव्हताच."

"अजून घेतलंच कुठे तुम्ही? अर्ज देऊन वर्ष झालं. प्रार्थना सोडा म्हणता."

"सोडली असती तर घेतलं असतं."

"हो ना," पाळकबुवा म्हणाले, "तुमचं आणि धर्मसभेचं बोलणं अगदी सारखं आहे."

रविवारी चर्च गच्च भरलं. दोन्ही चौकशीवाले समोर, पंच प्यो त्यांच्या बाजूला, क्वाक शेवटच्या रांगेत, आणि पडद्याच्या या बाजूला आम्ही. पाळकीणबाई माझ्या शेजारी, पडद्याच्या फटीशी. पाळकबुवा टोपी न घालता आले. स्तोत्र झालं. ते उभे राहिले आणि म्हणाले, "भावांनो, बहिणींनो, मी तुमच्यासमोर पाप केलं आहे," आणि त्यांचा आवाज फुटला.

आता आमच्या मंडळीची रीत ज्यांना माहीत नाही त्यांना पुढचं खरं वाटणार नाही. पाळकाने स्वतःचं पाप कबूल करायला तोंड उघडलं आणि तो रडला, की मग कोणी ऐकत बसत नाही. सगळेच्या सगळे मोठ्याने आपापली पापं सांगायला लागतात. एकदम, एकाच वेळी, जमिनीवर मुठी आपटत. वडीलधाऱ्यांच्या काळापासून असंच आहे. कोणतं पाप हे पाळकबुवांनी अजून सांगायचंच होतं, तोवर छप्पर हादरलं. पुरुषांकडून कोंबडीचोरी ऐकू आली. आमच्या बाजूला क्वोननानी सासू मरावी अशी इच्छा केल्याचं सांगून रडत होती, आणि सासू तिच्या खांद्याला धरून सांगत होती की मी तुझ्या कालवणात मुद्दाम मीठ टाकलं. दोघी गळ्यात पडल्या. म्हातारे चौकशीवाले पुढे वाकून कानाला हात लावून बसले होते. थोड्या वेळाने त्यांनीही हात काढला आणि डोळे मिटून आपलं काही सांगायला लागले.

आणि या सगळ्या गदारोळात पाळकबुवा व्यासपीठाला धरून, डोळे बंद करून, आपलं सगळं सांगून मोकळे झाले. ओठ हलताना मला फटीतून दिसत होते. संघ सोडला, टोपी सोडली, सामाईक सगळं सोडलं, एकही शब्द न गाळता. ऐकलं फक्त देवाने, आणि त्याला ते शनिवारीच कळलं होतं.

मग पंच प्यो उठले. सगळे थोडे निवले, कारण त्यांना उभं राहायला वेळ लागतो. त्यांनी कपाळ जमिनीला टेकलेलं होतं, त्यावर अजून धूळ होती. "माझं कोठार," ते म्हणाले, आणि हुंदक्यांनी पुढचं येईना. "भुकेल्या भावाला मी दीडपट मोजून घेतलं. मी त्याच्या पोराच्या तोंडातून काढलं. देव मला जाळील." त्यांनी कमरेची किल्ली काढून जमिनीवर टाकली. "आजपासून बियाणं ज्याला हवं त्याने न्यावं. जेवढं नेईल तेवढंच परत. तेही पिकलं तर."

पुन्हा एकदा रडणं झालं. या वेळी आनंदाचं.

शांत झाल्यावर म्हातारे पाळक डोळे पुसत उठले. ते खरंच हेलावले होते. पण ज्या कामाला आले ते काम त्यांना विसरता येत नव्हतं. "ब्योनबंधू, पवित्र आत्म्याने आज मोठं काम केलं. आता तेवढं संघाचं सांगून टाका."

"सांगितलं मी," पाळकबुवा म्हणाले.

"आम्हाला ऐकू नाही आलं. पुन्हा सांगा."

पाळकबुवांनी किल्लीकडे बघितलं. प्योंकडे बघितलं. प्यो नाक शिंकरत होते, त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. मग त्यांनी आमच्या पडद्याकडे बघितलं. फटीतून त्यांना काय दिसलं असेल ते दिसलं असेल. माझ्या शेजारी पाळकीणबाई हलल्या नाहीत.

"आता नाही सांगता येणार," ते म्हणाले.

"का बरं? मघाशी सांगितलंत ना?"

"मघाशी ते पाप वाटत होतं."

एवढ्यावर संपलं. तरुण चौकशीवाल्याने म्हाताऱ्यांच्या कानात काही सांगितलं, म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि आशीर्वादाची प्रार्थना स्वतःच म्हटली.

दुपारी कोठार उघडलं. लोक पोती घेऊन आले. कोणी जास्त नेलं नाही. रडून आलेल्या माणसाला जास्त नेववत नाही. क्वाक रांग लावायला धावला, पण रांग लागलेलीच होती. तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "हे ऐतिहासिक आहे, मावशी," तो म्हणाला. "पण चुकीच्या कारणाने झालं." संघाच्या वरच्या लोकांनीही पुढे तेच ठरवलं. अंधश्रद्धेने झालेलं वाटप मोजलं जाणार नाही, आणि ते घडवून आणणाऱ्या पाळकाचा अर्ज नामंजूर. वर क्वाकलाही समज मिळाली, सासूबाईंच्या पाठीबद्दल.

पंच प्यो शब्दाला जागले. त्या वर्षी त्यांनी दिलेल्यापेक्षा एक मूठ जास्त घेतली नाही. आणि शब्दाला जागणारा माणूस म्हणूनच त्यांनी धर्मसभेला दिलेली तक्रारही मागे घेतली नाही. एकदा देवासमोर सही केली ती केली. घर रिकामं करून घ्यायला ते स्वतःच आले, सामानासाठी आपली बैलगाडी घेऊन, वर बियाण्याचं एक पोतं ठेवून. "कुठे जाल तिथे पेरा," ते पाळकबुवांना म्हणाले. "बैल मात्र परत पाठवा." दोघे एकमेकांचे हात धरून रडले. मला अजून त्या दोघांपैकी कोणाला वाईट म्हणावं ते कळत नाही. कळावं म्हणून प्रार्थना करते, उत्तर आलेलं नाही.

ते उत्तरेकडे निंगानच्या बाजूला निघाले. तिथे चर्च नव्हतं आणि संघही नव्हता. पाळकबुवांना वाटत होतं की म्हणूनच तिथे दोन्ही सुरू करता येतील. क्वाक गाडी ढकलायला आला होता, आणि वेशीपर्यंत दोघांचा वाद चालला होता, की आधी काय सुरू करायचं.

पाळकीणबाई मागे राहून येणाऱ्या नव्या पाळकासाठी घर झाडत होत्या. मी त्यांच्या हातून झाडू घेतला. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. "त्या दिवशी तुम्ही नुसती मान हलवली असतीत तरी त्यांनी सांगितलं असतं. घर राहिलं असतं. राग नाही आला?"

"आला होता ना," त्या म्हणाल्या. "शनिवारी रात्रीपर्यंत मी त्यांना सांगा सांगा म्हणत होते. त्यांनी पुन्हा सांगितलं असतं, तर घर राहिलं असतं, खरं आहे. पण मग त्या घरात खोटं बोललेल्या माणसासोबत मला राहावं लागलं असतं."

त्यांनी धाकटीला पाठीवर घेतलं, पट्टा घट्ट बांधला आणि गाडीच्या मागे गेल्या.